आग्रहाची जिलबी

डोळा लागतोय-न-लागतोय अशी मी मधल्या खोलीत पडले आहे. भरदुपार. बाहेर सोप्यात भांडी वाजतायत, पाहुणे जेवतायत. आज ह्यांचं गोडाचं जेवण. घरातल्यांनी तोंड गोड केलं की दुखवटा संपतो, अशी रीत. माझा सुहास ताट पुढ्यात घेऊन बसलाय. "आई, तू घासभर घे, मग मी घेतो," म्हणतो. मी म्हटलं, मला नको. गोड खाल्लं की संपलंच की सगळं! उद्यापासून टीव्ही लागणार, हसणं-खिदळणं सुरू. आणि हे? ह्यांना कुठं ठेवायचं मग? मला अजून संपवायचं नाही, आणि कोण संपवतं ते मी बघतेच.

शिवाय सूनबाईंनी, मेघनानं, गोड म्हणून आणलंय काय, तर प्लास्टिकच्या इवल्या ग्लासात चॉकलेटचं कायतरी. अगं बाई, तापात औषध पाजतात तेवढं! ह्यांनी बघितलं असतं तर...

"बघितलं की," हे म्हणतात.

उशाशी उभे आहेत. कपाळाला मुंडावळ्या, अंगात एस्टी डेपोतला खाकी शर्ट, हातात बादली. मारुतीच्या देवळापुढं आमच्याच लग्नाची पंगत बसलीय. बादलीत खपली गव्हाची खीर, गुळाची, वाफाळती.

"अहो, नवरामुलगा वाढतो का कुठं? बसा की माझ्याशेजारी!"

"बसून कसं चालंल? लोकं जेवायची राहिलीत."

जन्मभर हेच. डेपोत गाड्या दुरुस्त करायच्या आणि गावात कुणाचंही लग्न असो, कमरेला पंचा बांधून गोड वाढायला हे पुढं. आग्रह करण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साखरेचा आजार जडल्यावर स्वतः जिभेला लावेनात, पण परात काही सोडली नाही. जळली मेली ती हौस!

पंगत सरकत सरकत डेपोत शिरते. एस्टी गाड्यांच्या मधल्या जागेत माणसं मांडी घालून बसलीत आणि हे मुठीमुठीनं बुंदी वाढतायत, नणंदेच्या लग्नातली. मी वळून बघते तर शाळेचा हॉल. आता वाट्यांतून श्रीखंड चाललंय. मग थोरल्या पुतणीचं लग्न, टेबलावर पांढरा कागद, गुलाबजाम. "माणशी दोनच वाढा म्हणतोय व्याही," हे माझ्या कानाशी येऊन सांगतात आणि पुढच्याच पानात चार टाकतात. मी हसते. खरंच हसते, आणि हसता हसता रडायला येतं, कारण किती दिवसांनी हा माणूस माझ्या कानाशी बोलतोय.

हॉलची भिंत संपते तिथं सुहासच्या लग्नाचं लॉन. सगळे उभे, हातात ताटं. आइस्क्रीमपुढं रांग, रबडीपुढं रांग. हे परात घेऊन माणसांतून फिरतायत, पण बसलेलं कुणीच नाही. एक बाई म्हणते, "काका, आपापलं घ्यायचंय सगळं." हे परात छातीशी धरून थांबतात.

"मालन, मी वाढू कुणाला गं?"

त्या दिवशी खरंच असेच उभे होते हे, कोऱ्या सदऱ्यात, आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

"चला, घरी जाऊ," मी म्हणते.

"तू राहिलीस की अजून."

लॉन कुठं गेलं कळत नाही. फिनेलचा वास येतो. दवाखान्यातली ह्यांची खाट, रिकामी, आणि खाटेशेजारी फरशीवर मी बसलेय. पुढ्यात पत्रावळ. ह्यांच्या परातीत एकच जिलबी उरलीय. मला सगळं समजतं. मी दोन्ही हात पानावर आडवे धरते.

"नको. मी खाल्लं की तुम्ही जाणार."

"जायचं ते काय थांबतंय? पोरगं उपाशी बसलंय तिकडं."

"बसू दे."

"एकच गं."

"अहो, नको म्हणते ना!"

पानावर हात आडवे धरले की कच्चा वाढपी पुढं जातो. हे कधीच गेले नाहीत. हे सरळ हातावर वाढायचे. मग माणूस करतो काय? अन्न टाकवत नाही, खावंच लागतं.

"घे माझे बाई," म्हणत हे वाकतात. हाताला चटका बसतो.

मी जागी होते. खोलीत मी एकटी. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला पाकाचा गोल, केशरी, चिकट. आज घरात कुणी जिलबी आणलेली नाही. मी उठून मोरीशी जाते, नळाला हात लावते आणि तशीच उभी राहते. धुववत नाही मला. पुष्कळ वेळानं हात तोंडाशी नेते.

बाहेर पाहुणे उठलेत. सुहास अजून ताटापुढंच. मेघना त्याच्या पाठीशी उभी.

"जेव बाळा," मी म्हणते. "माझं तोंड गोड झालं."

"कधी? कुणी वाढलं तुला?"

"तुझ्या तात्यांनी. वाढून गेले ते."

गेले. इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदा म्हणते, आणि त्याच्या ताटासमोर मटकन खाली बसते.