घडीखालची ओळ

मल्लाप्पा कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. फ्रिज असो, नळ असो, गेटची कडी असो, पहिला स्पर्श हाताच्या पाठीनं. "तळव्यानं धरलं आन् करंट असला तर मूठ मिटती, सर. मग सुटत न्हाय. पाठीनं लागला तर हात मागं येतो," असं ते सांगत. चाळीस वर्षं वायरमनचं काम करून ही सवय इतकी भिनली होती की, चहाचा कपसुद्धा ते आधी हाताच्या पाठीनं चाचपत.

मी शाळेत शिकवतो. कसबा बावड्याच्या कडेला घर बांधलं तेव्हा वायरिंगच्या अंदाजासाठी त्यांना बोलावलं होतं. आमच्याकडे वायरिंगचा दर पॉइंटवर ठरतो. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. मल्लाप्पा खडूनं भिंतींवर फुल्या मारत सगळ्या खोल्यांतून फिरले आणि सिमेंटच्या पोत्यावर बसून वहीच्या पानावर अंदाज लिहून दिला. दुसऱ्या एका वायरमनपेक्षा त्यांचा दर पॉइंटमागे दीडशे रुपयांनी जास्त होता. पानाच्या तळाशी एक ओळ होती : 'प्रत्येक प्लगला अर्थिंगची हिरवी तार व अंगणात अर्थिंगचा खड्डा धरून.'

"मल्लाप्पा, बावड्यात एवढा दर कुणी देत नाही," मी म्हणालो.

"देत न्हाईत म्हणूनच सांगतोय. झुंबर पुढच्या दिवाळीला लावा, बटणं साधी घ्या. अर्थिंगला तेवढी कात्री लावू नका."

"दुसरा तर म्हणतो, नाही केलं तरी चालतं."

"चालतंय की. मरस्तवर सगळंच चालतंय."

मी हसलो आणि काम दुसऱ्याला दिलं. इथवर माझा गुन्हा मोठा नव्हता. घर पुरं होत येईतो माणूस खर्चानं थकलेला असतो, कुठेतरी हात आखडतोच. पण मी कॉलनीचा सेक्रेटरी होतो आणि मला आपलं शहाणपण चार लोकांना दाखवायचं होतं. तळाची ओळ आत जाईल अशी त्या पानाला मी घडी घातली, फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. 'दर बघा. सावध राहा.' खाली दुसऱ्या वायरमनचा नंबर दिला. त्या वर्षी कॉलनीत आणखी अकरा घरं उभी राहत होती. त्यातलं एकही काम मल्लाप्पांना मिळालं नाही. घडी कशासाठी घालतोय, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या वर्षी एका सकाळी बाथरूममधून बायकोची किंकाळी ऐकू आली. गिझर बिघडला होता आणि तिनं ओल्या हातानं नळ धरला होता. मूठ मिटली होती. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला तेव्हा ती खाली कोसळली. जीव वाचला, पण हात दोन दिवस बधिर होता. स्वस्तातला वायरमन फोन उचलेना. शेवटी मल्लाप्पांना लावला आणि चाचरत पत्ता सांगायला लागलो.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "भिंतीवर फुल्या मीच मारल्यात्या."

आल्या आल्या त्यांनी आधी बायकोची विचारपूस केली. "ताई, बोटं हलत्यात न्हवं?" मग एकेक प्लग उघडला. हिरवी तार कुठेच नव्हती. "तीन भोकं हायत, पर तिसरं नुसतं शोभंला," ते म्हणाले. चार दिवस खपून त्यांनी भिंतीतल्या जुन्या पाइपांतून हिरवी तार ओढली. अंगणात खड्डा घेतला, अर्थिंगची पट्टी गाडून तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, आणि पाण्याची पहिली बादली बायकोच्या हातून ओतवली. "खड्डा कोरडा पडला की अर्थिंग मेलं. उन्हाळ्यात आठ दिसाला बादलीभर घालायचं. तुळशीला घालताच की."

त्यांनी दर लावला तो चार वर्षांपूर्वीचाच. तांबं किती महागलंय, असं मी म्हणालो तर त्यांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. पिशवी खांद्याला लावून ते गेटपाशी थांबले.

"सर, त्यो फोटू मला एकानं दावला हुता. दर जास्त म्हणलासा, त्याचं काय न्हाय. ज्याची त्याची ऐपत. पर खालची घडी तेवढी उघडायची हुती की."

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"त्या अकरा घरांत बी तिसरं भोक शोभंलाच असणार. ग्रुपवर एक ओळ लिवा. माझ्यासाठी नगं, लोकांच्या बायकापोरांसाठी लिवा."

"आजच लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. दोन वर्षं मी मजकूर तयार करत होतो आणि पुसत होतो. सेक्रेटरीनंच घडी घातली होती, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? मधल्या काळात मल्लाप्पा आजऱ्याला मुलीकडे कायमचे राहायला गेल्याचं कानावर आलं. मला खंत वाटली, आणि लाज वाटते सांगायला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

यंदाच्या मार्चात शेजारच्या काकू कुंपणाच्या भिंतीवरून बायकोला सहज म्हणाल्या, "वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येत्यात बघ. चालतंय आपलं." मरस्तवर सगळंच चालतंय. मी आत गेलो, फायलीतून ते पान काढलं, घडी उघडून पुन्हा फोटो काढला आणि सगळं खरं लिहून ग्रुपवर टाकलं. 'सेक्रेटरीसाहेब, सहा वर्षं झोपला होता काय?' असं एकानं विचारलं. बाकीचे मल्लाप्पांचा नंबर मागू लागले. संध्याकाळपर्यंत सात घरं अर्थिंग करून घ्यायला तयार झाली. दर एकानंही विचारला नव्हता.

मी आजऱ्याला फोन लावला.

"सात?" मल्लाप्पा म्हणाले. "हात थरथरतोय आता, सर. स्क्रू धरवत न्हाय. असल्या हातानं लोकांच्या घरात करंट सोडू नये. कुणाकडनं बी करून घ्या म्हणावं. फकस्त तिसरं भोक तपासून घ्या."

"मल्लाप्पा, फार उशीर केला मी."

"केलासा की." त्यांनी ते नाकारलं नाही. मग म्हणाले, "खड्ड्यात पाणी घालताय न्हवं?"

"घालतो," मी म्हणालो.

थंडी सरल्यापासून एकदाही घातलं नव्हतं. फोन ठेवला आणि बादली घेऊन अंगणात गेलो. खड्ड्यावरचं लोखंडी झाकण हाताच्या पाठीनं चाचपलं, मग उचललं. आतली माती भेगाळली होती. बादलीभर पाणी तिनं बघता बघता ओढून घेतलं. मी दुसरी भरायला वळलो.