बाळ होण्याआधीच मागितलेले पेढे

आधीच सांगून टाकते — मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वर्षानुवर्षं काढलेली बाई आहे. आमच्याकडे एखादी चूक पुन्हा करून दाखवता आली नाही, तर समोरचा डेव्हलपर सरळ म्हणतो, "तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल." या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून मीही नेमकं तेच म्हणत आले. प्रकाश कमी असेल, झोप झाली नसेल, बीपी वाढलं असेल... खाली कमेंटमध्ये अशी उत्तरं देणाऱ्यांतली एक मीच. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, तर माझीही हजेरी घ्या. फक्त एक विनंती, ते "हार्मोन्समुळे होतं हो" एवढं नका लिहू. ते ऐकून ऐकून कान किटलेत.

आम्ही मूळचे अमरावतीचे. शैलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हिंजवडीत नोकरी लागली, मला खराडीत, आणि दोघांनाही सारखंच गैरसोयीचं पडेल असं घर आम्ही विश्रांतवाडीत घेतलं. मोठी मुलगी मनू नववीतून दहावीत गेली त्या उन्हाळ्यात मी दुसऱ्यांदा बाळंत होणार होते. वय चाळिशीला टेकलेलं. ठरवून नव्हतं झालं, पण झाल्यावर आम्हा दोघांना ते हवंसं वाटलं. बाकी कोणाला वाटलं नाही बहुतेक. डॉक्टरांनी फाईलवर लाल पेनने "हाय रिस्क" लिहिलं. ऑफिसात मॅनेजर म्हणाला, "ग्रेट न्यूज," आणि पुढच्याच वाक्यात रिलीजची तारीख विचारली. मनूने तर सांगूनच टाकलं, "पेरेंट्स मीटिंगला बाबा येऊ दे. तू नको."

शेवटचा महिना म्हणजे निव्वळ वैताग होता. मे महिना, वर टेरेस, पंखा गरम हवा खाली ढकलायचा. पाय सुजलेले, छातीत जळजळ, कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी करावी लागे. आणि दिलेली तारीख उलटून गेली तरी बाळ जागचं हलायला तयार नाही. रोज फोन — "काय, झालं का?" झालं असतं तर सांगितलं नसतं का? अमरावतीहून माझी आई आली होती. ती दिवसभर काहीतरी उकळत असायची आणि मला प्यायला लावायची.

कुर्त्याचं सांगायला हवं. बाजारातले सगळे कपडे मला पोटावर घट्ट व्हायला लागले, तेव्हा आईने तिच्या जुन्या जांभळ्या सुती साडीचा एक सैल कुर्ता शिवला. पोटाजवळ कापड कमी पडलं म्हणून तिथे दुसऱ्याच साडीचा पिवळा तुकडा जोडला. दिसायला भयंकर, पण अंगाला इतका हलका की मी तो धुऊन वाळला की पुन्हा घालायचे. असा कुर्ता पुण्यात दुसरा असणं शक्य नाही. कोणी पैसे देऊन घेतला नसता.

एके दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या परांजपे काकू. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक झबलं. माझ्याकडे बघून त्यांचं बोलणं तोंडातच राहिलं. मग चेहरा कडक झाला.

"हे काय? तुम्ही अजून...?"

"अजून," मी म्हटलं.

"मग काल ती थट्टा होती का?"

"कसली थट्टा?"

"काल दुपारी चौकातल्या मेडिकलपाशी तुम्ही उभ्या होतात. हातात बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. मी म्हटलं, अहो वैशाली, बाळंत झालात आणि शेजाऱ्यांना पेढा सोडा, बातमीसुद्धा नाही? मुलगा की मुलगी? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही न बोलता मेडिकलवाल्याकडे वळलात."

"काकू, मी गेले चार दिवस खाली उतरलेली नाही. दुसरी कोणी असेल."

"वैशाली, मला चष्मा लांबचा नाही, जवळचा आहे. आणि तुमच्या अंगावर हाच होता," त्यांनी माझ्या पोटावरच्या पिवळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हा तरी दुसऱ्या कोणाचा असेल असं मला वाटत नाही."

डबा माझ्या हातात देऊन त्या निघाल्या. जाता जाता वळल्या आणि म्हणाल्या, "फार शांत होतं हो बाळ. एवढ्या उन्हात, एवढ्या हॉर्नमध्ये हूं की चूं नाही."

मला भीती वगैरे वाटली नाही. राग आला. आधीच सगळं जग मला बाळंत करायला निघालं होतं, त्यात आता हे.

दोन-तीन दिवस गेले असतील. ऑफिसातली रश्मी कंपनीच्या बसने जाते, विश्रांतवाडीच्या सिग्नलला बस थांबते. त्या दिवशी तिची शिफ्ट उशिराची, म्हणजे दुपारचीच वेळ. तिने बसमधूनच टीमला कळवलं — वैशाली मॅम दिसल्या, बेबी हातात होतं. झालं. माझ्या इनबॉक्समध्ये अभिनंदनांचा ढीग. फुगे, पाळणे, गुलाबी टेडी. मॅनेजरने तर मुलाचं नाव काय ठेवणार हे विचारून, जॉइनिंगची तारीख कधी धरायची तेही विचारलं होतं. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: "अजून झालेलं नाही. झालं की सांगेन. तोवर कृपया मला कुठेही पाहू नये."

मग रश्मीला फोन लावला. ती बिचारी रडकुंडीला आली. "मॅम, सॉरी... पण तुम्हीच होतात. मी काचेवर टकटक केली. तुम्ही वर बघितलंत पण... म्हणजे, तुम्ही खूप टेन्स दिसत होतात."

"कपडे कोणते होते?"

"पर्पल काहीतरी. पुढे यलो पॅच."

शैलेशला सांगितलं. त्याने लॅपटॉपवरून मान न उचलता निदान केलं — काकूंनी सोसायटीत सांगितलं असेल, ते फिरत फिरत रश्मीपर्यंत गेलं असेल. काकू आणि रश्मी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत, हे मी सांगेपर्यंत त्याचा कॉल सुरू झाला होता. आईने दाराला लिंबू-मिरची टांगली. मी ती काढली. तिने पुन्हा टांगली. तो विषय तिथेच सोडला.

नंतरचा दिवस मला नीट आठवतो. दुपार होती. आईने भाकर तुकडा ओवाळून बाहेर टाकला होता, त्यावरून आमची नुकतीच वादावादी झालेली. मी सोफ्यावर पाय वर घेऊन, धुमसत, टीव्हीवर कसलातरी रेसिपीचा कार्यक्रम बघत होते. मनू दहावीच्या व्हेकेशन बॅचहून घरी आली. दार आपटलं, सॅक फेकली आणि थेट किचनकडे निघाली. तोंड रडवेलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नव्हतं.

"आजी, आई मला ओळखतपण नाही का आता? रस्त्यात दिसली. मी एवढ्या हाका मारल्या, तिने वळून बघितलं आणि निघून गेली. मी क्लासला गेले तेवढ्यात बाळ झालं, ते मला कोणी सांगितलंपण नाही..."

"मनू," मी म्हटलं.

ती वळली. मला पाहिलं. माझ्या पोटाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आहे, तो मी आजही विसरू शकत नाही. काकू, रश्मी परक्या. पण स्वतःच्या आईला ओळखण्यात पंधरा वर्षांची मुलगी चुकत नाही.

"आई, तो कुर्ता..." ती जमिनीवरच बसली. "हाच होता. पण पोट नव्हतं. तुझ्या अंगावर नुसता लोंबत होता."

"बरं. दुसरी कोणी असेल. तू पाणी पी."

"नाही, ऐक ना. दुपटं सरकलं होतं. मी बाळ पाहिलं. आई, ते हलत नव्हतं. त्याचे ओठ कसेतरीच होते... निळे. आणि तू घाईघाईत चालली होतीस, जवळजवळ पळत."

किचनच्या दारात आई उभी होती. तिच्या हातात पळी तशीच. ती फक्त एवढंच म्हणाली, "वैशे, पोटातलं लेकरू शेवटचं कधी हाललं?"

सकाळी चहाच्या वेळी? की ते काल होतं? गरम होत होतं, चिडचिड होत होती, लक्षच नव्हतं. थंड पाणी प्यायले. गूळ खाल्ला. डाव्या कुशीवर पडले. आईने पोटावर हात ठेवला, मनूनेही ठेवला — कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. काहीच नाही.

"चाल," आई म्हणाली. "ऊठ. बसून नको राहू."

शैलेश मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. मनू धावत जाऊन काकूंना घेऊन आली आणि काकूंनी रिक्षा थांबवली. हॉस्पिटलमध्ये आमच्या डॉक्टर राउंडवर होत्या. ज्युनियर डॉक्टर माझी फाईल चाळून म्हणाला, "शेवटी शेवटी मूव्हमेंट कमी होते, मॅडम. घरी जाऊन आराम करा. संध्याकाळी बघू."

आता याला काय सांगायचं? माझ्या मुलीने मला रस्त्यावर पाहिलं, म्हणून मी आले? तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"आराम त्या घरी करतच होत्या. तुम्ही आधी मशीन लावा, सल्ला नंतर द्या. सल्ल्याची आम्हाला घाई नाही."

त्याने कपाळाला आठ्या घालून पोटाला पट्टे बांधले. कागदावर बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटायला लागली. थोडा वेळ ठीक चालली, मग खाली घसरली. वर आली, पुन्हा घसरली. त्याच्या आठ्या गेल्या, आणि मला त्याच्या आठ्या परत हव्याशा वाटल्या. तो पळतच बाहेर गेला. त्यानंतर जे झालं ते तुकड्यातुकड्यांनी आठवतं — आमच्या डॉक्टरांचा "लगेच घ्या" असा आवाज, छतावरचे दिवे पळत असल्यासारखे, आईने देवाचं नाव घेत धरून ठेवलेला आणि कोणीतरी सोडवलेला माझा हात.

कमरेखालचं बधिर केलं होतं, मी जागी होते. बाळ बाहेर काढलेलं कळलं. रडण्याचा आवाज आला नाही. पडद्यापलीकडे सगळे भराभर बोलत होते, आणि माझ्याशी कोणीच बोलत नव्हतं. मान वळवली तर टेबलावर एक छोटासा पाय दिसला, निळसर. मी विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि भूल देणारे डॉक्टर म्हणत होते, "थांबा जरा." किती वेळ गेला मला ठाऊक नाही. मग एक चिरका, कर्कश आवाज आला. आयुष्यात इतका चांगला आवाज मी ऐकला नाही.

मुलगी झाली. नाळेचे मानेभोवती घट्ट वेढे होते. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर नंतर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं. "पण तुम्हाला कळलं. आईला आतून कळतं बघा." मी मान हलवली. मला आतून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी रेसिपी बघत बसले होते.

घरी आल्यावर प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, याचाच मला जास्त संताप येतो. आई म्हणाली, देवीच आली होती तुझ्या रूपात. देवीला माझा तो कुर्ता का घालावासा वाटेल, हे तिने सांगितलं नाही. शैलेश म्हणतो, सारखी दिसणारी बाई. मग तिच्या हातातल्या बाळाचे ओठ निळे, आणि माझ्या पोटातलं गुदमरतंय, हे कसं? "योगायोग." मनूला तर कधी विचारायचंच नाही, ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. काकू म्हणतात, "मी पाहिलं ते पाहिलं. ते काय होतं, हे तुमचं तुम्ही बघा."

बाळाला पहिल्या लसीला घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना चौकातल्या त्या मेडिकलच्या बरोबर वर आहे. मी औषध घ्यायला खाली थांबले होते. दुकानदाराने मला पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"बरं आहे ना आता बाळ? त्या दिवशी काळजीच वाटली होती मॅडम."

"कोणत्या दिवशी?"

"तुम्ही दुपारी आला होतात ना, याला घेऊन. वरचे डॉक्टर आहेत का, विचारलंत. मी म्हटलं, दुपारी नसतात, पाचनंतर या. तुम्ही काही न बोलता निघून गेलात. परत दुसऱ्या दिवशीपण आलात, तेच विचारायला. नंतर दिसला नाहीत, म्हटलं दुसरीकडे दाखवलं असेल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

धाकटी आता चौथीत आहे. तिला यातलं काही माहीत नाही. या सगळ्याकडे मी माझ्या कामाच्या सवयीने शंभर बाजूंनी पाहिलं आहे, आणि एकही बाजू जुळत नाही. ती बाई त्यानंतर कोणालाच दिसली नाही. मी मुद्दाम कितीतरी दुपारी त्या सिग्नलपाशी उभी राहिले, उन्हात, मूर्खासारखी. ती कोण, कुठली हे स्वतःला विचारायचंही मी सोडून दिलं आहे. पाचपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता, हे मला कळतं, बाकी काही कळत नाही. तिच्या बाळासाठी तिला दुसरीकडे कुठे वेळेत डॉक्टर भेटले का, एवढंच कोणीतरी मला सांगायला हवं होतं.