ॲम्प्लिफायरवर त्यांची सही

दुपारचं जेवण झालं की मी दिवाणावर पाठ टेकते. झोपते म्हणायचं नाही, पाठ टेकते. डोळे मिटलेले, पण कान जागेच. गल्लीत भंगारवाला ओरडतोय, शेजारी मिक्सर चाललाय, वर पंखा. हळूहळू भंगारवाला लांब जातो, मिक्सर लांब जातो, आणि समोरचा तो नवा ॲम्प्लिफायर मात्र जागचा हलत नाही. डोळे मिटले तरी दिसतो मेला.

सोमवारपासून आमच्या पुढच्या खोलीत ठाण मांडून बसलाय. पुण्याच्या एका कंपनीनं बनवलाय, ह्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवरून, तसाच्या तसा. हे म्हणजे माझे मिस्टर, शांतवन उजागरे. सिनेमा टॉकीजच्या भंगारातले, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह आणून ह्यांनी इथे नगरला, ह्याच खोलीत बसून गिटारचे ॲम्प्लिफायर केले. ऑर्केस्ट्रावाले त्याला ॲम्प्लिफायर म्हणायचेच नाहीत, "उजागरे आणलाय का?" असं विचारायचे. आता त्यातला एकच कुठेतरी उरलाय, आणि त्याचाही स्पीकर बदललेला. म्हणून कंपनीचे खटावकर इंजिनिअर म्हणाले, "काकू, मापं आम्ही घेतली, पण मूळ आवाज रोज ऐकलेलं माणूस तुम्हीच. तुम्ही हो म्हणालात की पुढच्या पट्टीवर साहेबांची सही छापायची." आमची करुणा पुण्याहून रोज फोन करते, "आई, बाबांचं नाव राहील गं." आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय.

आणि मला तो आवाज आठवत नाही.

हे मी कुणाला बोललेले नाही. खटावकरांनी गिटार जोडून वाजवून दाखवली तेव्हा मी मान डोलावली, चहा केला, चिवडा दिला. छान होतं की वाजवणं. पण आवाज ह्यांचा होता का? आठवायला जावं तर पाटी कोरी. सगळा संसार त्या आवाजाच्या शेजारी केला आणि आता विचारलं तर सांगता येत नाही. लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. माणूस गेला ते गेला, त्याचा आवाजही मीच हरवून बसले.

पंखा थांबतो. गेली वाटतं लाईट, असं मी पुटपुटते.

"लाईट नाही गेली," ॲम्प्लिफायरच्या मागून कुणीतरी म्हणतं.

हे खाली फरशीवर बसलेत. ॲम्प्लिफायरची पाठ उघडलेली. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, डावा हात पायजम्याच्या खिशात. ही ह्यांची जुनी रीत. चालू मशीनमध्ये एक हात घातला की दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून दोन्ही हात लागून करंट छातीतून जायला नको. चहा द्यायला गेले तरी दुसरा हात बाहेर यायचा नाही, कप खालीच ठेवावा लागायचा.

"जेवलात?" मी विचारते. इतक्या वर्षांनी माणूस भेटतंय आणि माझ्या तोंडून हेच निघतं.

"हे कुणी केलं गं?"

"पुण्याच्या लोकांनी. तुमच्यावरून."

"सोल्डरिंग झकास आहे. माझं एवढं स्वच्छ कधीच नव्हतं."

"ते राहू द्या हो. हा आवाज तुमचा आहे का, तेवढं सांगा. तुमची सही छापणार आहेत त्याच्यावर."

"तू ऐकलास ना?"

मी खाली बघते तर फरशी नाही, फळ्या आहेत. जत्रेतल्या स्टेजच्या फळ्या, मधल्या फटीतून खाली गवत दिसतंय. आम्ही पडद्यामागे आहोत. माझ्या मांडीवर ह्यांचा जेवणाचा डबा आहे, गरम आहे. पडदा बाजूला करून बघते तर समोर जत्रा नाहीच, आमच्या चर्चचे बाक मांडलेत. माणसं गच्च बसलीत, पण सगळी आमच्याकडे पाठ करून. एकही मान वळत नाही. मी पडदा सोडून देते.

"वाजवा ना," मी म्हणते. "एकदाच. मी नीट ऐकते."

"एका हातानं?"

"मग दुसरा काढा की खिशातून!"

"चालू आहे गं अजून."

"काय चालू आहे डोंबल! तुम्ही गेलात! पेटीत तुमचे दोन्ही हात मी छातीवर ठेवले होते, ह्या हातांनी."

हे विचारात पडतात. "हो का?" म्हणतात. "मग परत कुणी घातला?"

आता मात्र माझं डोकं फिरतं. मी ह्यांचं मनगट धरते आणि ओढते. मनगट, मग हात, हात संपत नाही, खिसा केवढा खोल आहे कोण जाणे. हे लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहतात. शेवटी हात बाहेर येतो. गार आहे. बोटांच्या टोकांवरून मी बोट फिरवते. गिटारच्या तारांनी पडलेले घट्टे कुठे गेले? तिथे मऊ कातडी आहे, कधी कामच न केलेल्या माणसाची.

"घट्टे?" मी विचारते.

"गेले. वाजवलं नाही ना."

हे गिटार घेतात. वाजवायला लागतात. तार थरथरताना मला दिसते. मागचे व्हॉल्व्ह लालसर होताना दिसतात. आवाज नाही.

"येतोय का?"

"नाही येत."

हे बटण फिरवतात. आणखी फिरवतात. पडद्याच्या फटीतून मला बाकांवरच्या पाठी दिसतात. सगळ्या ठेक्यावर हलतायत, एकजात सगळ्या. म्हणजे त्यांना ऐकू येतंय. कोण कुठली परकी माणसं, त्यांना येतंय आणि बायकोला नाही!

"अहो, मला एकटीलाच ऐकू येत नाही!" मी रडायला लागते. "संध्याकाळी मी काय सांगू त्यांना? मी विसरले हो. मी तुमचा आवाज विसरले."

हे चिडत नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तू कधी समोर बसून ऐकलंस, सुवार्ते?" एवढंच म्हणतात. "तू आत असायचीस."

आणि मी आत आहे. तव्यावर भाकरी आहे, हाताला पीठ आहे, ह्यांच्याकडे माझी पाठ आहे आणि मध्ये भिंत. भिंतीपलीकडे सगळं शांत. मी भाकरी उलटते. मग मांडणीवरची एक ताटली हलते. तिच्या शेजारची हलते. मग कडेवर उभ्या केलेल्या सगळ्याच ताटल्या थरथरायला लागतात, थंडीनं दात वाजावेत तशा, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं, "अहो, ताटल्या! पडतील!"

"पडू देत! लागला आवाज!" हे पलीकडून ओरडतात.

अगं बाई! रोज संध्याकाळचं भांडण आमचं. मी ताटल्या म्हणून ओरडायची आणि हे खो खो हसायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आवाज कानात शोधत बसले, आणि तो माझ्या मांडणीवर होता.

"तुला वाटायचं मी ऐकत नाही," हे म्हणतात. भिंतीमुळे शब्द जाड येतायत. "अगं, मी त्याचीच वाट बघायचो. तू ओरडलीस की मागचं झाकण लावायचो. तोवर गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी द्यायचो नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीत ते!"

"सांगितलं असतं तर तू खोटंच ओरडली असतीस. भाकरी करपायला नको म्हणून."

हे मात्र खरं.

"बरं, मग ह्या नव्याचं काय? अहो?"

मी वळते तर दार नाही, नुसती भिंत आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी पिठाचे हात भिंतीवर आपटते. "अहो! हो म्हणू की नको म्हणू?" मांडणीवर काहीतरी घसरतं.

खणकन.

पंखा फिरतोय. मिक्सर चाललाय. मी दिवाणावर उठून बसलेय आणि गालांवरचं पाणी पदरानं पुसतेय. ॲम्प्लिफायरची वायर गुंडाळलेली, प्लग लावलेलाही नाही. धडपडत स्वयंपाकघरात जाते. ओट्याखाली ताटली पडलीय, पालथी, अजून डुलतेय. मांजर म्हणावं तर खिडकी बंद आहे. मी तिच्यावर हात ठेवते तेव्हा ती थांबते.

ताटली मांडणीवर उभी करते आणि पुढच्या खोलीत येते. प्लग लावते. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं असतं, तेवढं मला माहीत आहे. खटावकरांनी ठेवलेली गिटार मांडीवर आडवी घेते आणि सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढते. केवढा आवाज! गोल, भरलेला, कुणालाही आवडेल असा. बटण पुढे करते, पुन्हा ओढते. शेजारचा मिक्सर बंद होतो. मी दारातून मांडणीकडे बघत राहते, पुन्हा ओढते, पुन्हा. देवा, एक तरी हलू दे. एक तरी.

ताटल्या जागच्या जागी उभ्या आहेत.

फोन वाजतो. "आई, काय ठरलं? काय सांगू त्यांना?"

"सही छापू नका म्हणावं. परत न्या, नीट करा."

"का? काय चुकलंय त्यात?"

"ताटल्या वाजत नाहीत."

"काय?" करुणा मला पुन्हा सांगायला लावते. मग दमून म्हणते, "आई, अगं छापायचं थांबलंय सगळं. ताटल्यांसाठी कोण थांबेल? बाबांचं नाव राहायची ही एकच संधी आहे. ते दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालतील."

"घालू देत. नाव मोठं लक्षण खोटं, असं तुझ्या बापाचं मी होऊ देणार नाही." एवढं बोलते खरी. नाव राहावं असं मला वाटत नाही होय? तिच्यापेक्षा जास्त वाटतं.

"मग सांगू तरी काय त्यांना?"

"सांग," मी म्हणते, "आई ओरडल्याशिवाय झाकण लावायचं नाही."