पाळण्याचं अर्थिंग

लग्नानंतर चौदा वर्षं मी आमच्या आकाशपाळण्याच्या तिकीट-केबिनमध्ये बसले. पाळणा नवरा चालवायचा आणि विजेचं सगळं अकोल्याचे एक चाचा बघायचे. ते सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्यासोबत जत्रा फिरत होते. मला बेटी म्हणायचे.

तेव्हा वायरीचे जोड प्लास्टिकच्या पन्नीनं गुंडाळलेले असत. प्लग नसला की उघड्या तारा सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या. सगळीकडे तसंच चाले, म्हणून कुणाला वावगं वाटत नसे.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावी दुपारी अवकाळी सर येऊन गेली. चिखलात चप्पल रुतली, तशी मी अनवाणीच केबिनकडे गेले आणि पत्र्याचं दार धरलं. हात सुटेना. ओरडायला गेले तर आवाज निघेना. चाचांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा मी खाली कोसळले. एका जोडावरची पन्नी फाटून तार पत्र्याला टेकली होती. तळहात भाजला, पण वाचले.

संध्याकाळी चाचा जेवायला आले नाहीत. रोज आमच्याच चुलीवरचं खायचे. मीच पट्टी बांधलेल्या हातानं भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन गेले. ते जनरेटरपाशी मान खाली घालून बसले होते.

"तो जोड माह्या हातचा होता, बेटी," ते म्हणाले.

"मले मालूम आहे. आता जेवा."

त्यांनी पहिला घास घेईपर्यंत मी तिथून उठले नाही.

सकाळी त्यांनी सगळे जोड कापून टाकले. कापूस बुडाल्यापासून जत्रेत गर्दीच नसायची, त्यात दोन दिवस पाळणा बंद ठेवायला नवरा तयार होईना. चाचा शांतपणे म्हणाले, "पाळणा चालन, पण मंग मी नाही राहत."

नवऱ्यानं पाळणा बंद ठेवला. गळलेला करंट जमिनीत जावा म्हणून चाचांनी अर्थिंगचा खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. पाळणा, केबिन, जनरेटर, सगळं लोखंड त्या पट्टीला जोडलं. खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही म्हणून रोज सकाळी मी त्यात बादलीभर पाणी ओतायची. प्रत्येक गावी नवा खड्डा असे.

पुढे वीज तपासणीचे साहेब सुरक्षेचे कागद मागू लागले. मग करंट गळला की आपोआप लाईन तोडणारा डबा आम्ही अमरावतीहून आणला. चाचांना तोवर डोळ्यांनी धड दिसत नव्हतं; जोडणी ते सांगायचे आणि मी करायची. डब्यावरचं तपासणीचं बटण त्यांनी मला दाबायला लावलं. खट्ट झालं, अख्खा पाळणा विझला, आणि ते लहान पोरासारखे हसले.

ते अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्यावर त्यांचं काम माझ्याकडे आलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान मांडणाऱ्या बायकाही मला बोलावून घेतात, "बाई, आमची वायर पाहून दे न." मी टेस्टर घेऊन जाते.