आमच्या घरात शिरलेला बाप

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी तिला माकडाजवळ सोडून पळालो.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आंबिवलीला आम्ही नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. मागच्या चिंचेवर माकडांची एक जोडी असायची, सदैव एकमेकांच्या उवा काढत. (आमचा संसार नवा असून आम्ही इतके जवळ बसत नव्हतो.) एके दिवशी मादी विजेच्या तारेला चिकटून मेली. तिचं पिल्लू नराने पोटाशी धरलं आणि मग सोडलंच नाही.

"आयस गेली त्याची. आता बापूसच बघतंय," शेजारच्या कोळीणमावशी म्हणाल्या.

सुनंदा, माझी बायको, माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत?"

मी मुलीला तोवर एकदाही उचललं नव्हतं. हातातून पडेल अशी भीती वाटायची.

एका सकाळी सुनंदा खाली नळावर गेली आणि तो नर पिल्लासकट गॅलरीतून आत आला. मी वर्तमानपत्र उगारलं. त्याने दात दाखवले. पुढचं नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी जिन्यात होतो आणि दाराला बाहेरून कडी मीच घातली होती!

सुनंदा हंडा घेऊन वर आली.

"बाळ कुठंय?"

"आत. माकड शिरलंय."

"आणि तुम्ही बाहेर?"



तिने हंडा ठेवला, कडी काढली. मुलगी पाळण्यात गाढ झोपलेली. माकड ओट्यावर बसलं होतं. त्याच्या हातातली पोळी पिल्लू कुरतडत होतं आणि तो कुरतडू देत होता. आम्हाला पाहून त्याने आधी पिल्लाला पोटाशी घेतलं, मग पोळी टाकून आल्या वाटेने गेला.



चार-पाच दिवसांनी पिल्लू मेलं. दुधाशिवाय किती जगणार? नर ते तसंच घेऊन फिरत राहिला. मग एका संध्याकाळी फांदीवर एकटाच दिसला, हात रिकामे. सुनंदा खिडकीत उभी राहून रडायला लागली. मी पाळण्यापाशी गेलो आणि मुलीला उचललं. तिने लगेच भोकाड पसरलं.

"मानेखाली हात धरा," सुनंदा पाठमोरीच म्हणाली.

वय वर्षं एकतीस, बी.कॉम., सरकारी नोकरी. आणि हे मला बायकोने सांगावं लागत होतं.