माझं एखादं पाप आठवतंय का?

पापं कबूल करायची एवढी घाई असलेलं माणूस महाडातच काय, अख्ख्या कोकणात दुसरं सापडायचं नाही. आमच्या शेजारच्या नर्समावशी कॅथलिक. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण पायाला लागलेली भिंगरी काही थांबली नाही. महिन्यातून एकदा आंबेनळी घाट चढून पाचगणीच्या चर्चमध्ये कन्फेशनला जायच्या, आणि आधीचा आठवडाभर आम्हा सगळ्यांना भंडावून सोडायच्या. मी पोळ्या लाटत असले की दारातूनच विचारायच्या, "अगो, या महिन्यातलं माझं एखादं पाप आठवतंय का?" मी म्हणायचे, "डायबेटिस असून परवा जिलबी खाल्लीत." "ते आहे लक्षात. आणखी?" मग चवदार तळ्याजवळच्या भाजीवालीला गाठून म्हणायच्या, "मागच्या बुधवारी तुझ्यावर ओरडले, माफ कर." ती बिचारी म्हणायची, "मावशी, बुधवारी मी आलेच नाय!" की या आणखी बेचैन, कारण मग ओरडल्या कोणावर? एकदा तर स्वतःची पापं संपली म्हणून शेजाऱ्यांची सांगायला लागल्या. फादर म्हणाले, "बाई, ज्याची त्याला सांगू द्या." तो अपमान त्यांना महिनाभर पुरला.

मी एकदा चिडवलं, "देवाला सगळं दिसतं ना? मग त्या फादरांना कशाला त्रास?" त्या एकदम वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "जखम डॉक्टरला दिसते म्हणून धुवायची राहते का? झोंबलं तरी उघडी करावी लागते. वरून नुसती पट्टी बांधली की आत सडते."

पण एक पट्टी त्यांनी स्वतःच घट्ट बांधून ठेवली होती, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलत्या एका मुलीने मुंबईत परस्पर लग्न केलं, तेव्हा यांनी फोनवर "तू मला मेलीस" म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर मायलेकींत शब्द नाही. मागल्या वर्षीच्या थंडीत मुलीला दिवस गेल्याचं कुणाकडून तरी कळलं आणि मावशींचं घरात पाऊल ठरेना. त्या महिन्यात त्यांची एसटी चुकली म्हणून मी माझ्या गाडीने त्यांना घेऊन निघाले. जिलबी, भाजीवाली, मोलकरणीवर उगाच घेतलेला संशय, असं सगळं घाटात घोकत होत्या. शेवटी माझं डोकं फिरलं. "आणि पोरीचं?" मी विचारलं. पुढचा सगळा घाट त्या खिडकीची काच खाली-वर करत राहिल्या.

जिलबीचं कन्फेशन एरवी दोन मिनिटांत आटोपतं. त्या दिवशी मागे रांग ताटकळली. बाहेर आल्या त्या रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "गाडी काढ." उतरताना फोन हातातच, पण आंबेनळीत रेंज कुठली! प्रत्येक वळणावर फोन काचेबाहेर धरायच्या, "हळू काय चालवतेस गो!" म्हणून माझ्यावर खेकसायच्या आणि लगेच "माफ कर" म्हणायच्या. पोलादपूर आलं तेव्हा कुठे रेंज आली. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आलं. मुलीने आईचा नंबरही ठेवला नव्हता. मावशी म्हणाल्या, "आई बोलतेय. मी चुकले गो." पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि मी गाडीतून खाली उतरले.

दुसऱ्याच दिवशी मावशी मुंबईला गेल्या. "आठ दिवसांत येते, कुंड्यांना पाणी घाल," म्हणाल्या. आता नात रांगायला लागली, तरी घर बंदच आहे. मी कुंड्यांना पाणी घालते आणि पोळ्या लाटताना उगाच दाराकडे बघते. आठ दिवसांचं ते धडधडीत खोटं मी त्यांच्यासाठी लक्षात ठेवलंय. पण विचारायला त्या दारात यायला हव्यात ना.