पाठीचं माप

"घरात वाकस, करवत, रंधा, पटाशी अन् गुण्या एवढं असलं, की माणसाला कुणाच्या दारात जाऊन उभं ऱ्हावं लागत न्हाई," असं वीरण्णा एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो ढाळजेत बसून पटाशीला धार लावत होता. ढाळज म्हणजे घराच्या तोंडाशी आल्यागेल्यानं टेकायची जागा. तिच्या एका अंगाला त्याच्या वडिलांचं, नागप्पांचं, किराणा दुकान. दुसऱ्या अंगाला पूर्वी मिठाच्या गोण्या रचलेल्या असायच्या, तिथं आता भुशाचा थर, भिंतीच्या खुंट्यांना अवजारं आणि मधोमध लिंबाचा एक जाड ओंडका. बाप आणि मुलगा दिवसभर समोरासमोर बसत. मध्ये फक्त वाट होती.

गाव उदगीर तालुक्यातलं. घर लिंगायत वाण्याचं. बापाचा बाप तागडी धरून गेला, बापानं तागडीच धरली. वीरण्णाच्या हाती ती आली तेव्हा तिच्यात घालायला काही उरलं नव्हतं. बहात्तर साल होतं. दुकानात रिकामे डबे आणि गुळाच्या ढेपेचा डाग. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, तशी माणसं घमेली घेऊन तिकडं गेली. वाण्याच्या घरचं कुणी कधी माती वाहायला गेलं नव्हतं. वीरण्णा गेला. नागप्पा त्या दिवशी दुकान उघडून बसले. कुणी आलं नाही, तरी दिवे लागेपर्यंत बसून राहिले.

तलावाच्या कामावर बाभळीखाली भुजंग नावाचा सुतार बसायचा. तो नायगावकडचा. भुई दगडासारखी झाली होती. टिकावांचे, कुदळींचे दांडे मोडत, आणि भुजंग दिवसभर नवे दांडे तासून बसवून देई. मोडका दांडा घेऊन वीरण्णा त्याच्याकडं जायचा आणि परत यायचं विसरायचा.

"वाण्या, बघून काय करून राहिला? जा, तागडी धर."

"तागडीत घालायला काय न्हाई."

"मग हे धर," म्हणून भुजंगनं त्याच्या हातात लाकूड तासायचं वाकस दिलं. "लाकडाला बी शिरा असत्यात. शिरंच्या उलट गेलास तर ते तुला फाडतंय."

पाऊस आल्यावर तलावाचं काम थांबलं. जाताना भुजंगनं आपलं जुनं वाकस वीरण्णाच्या मांडीवर ठेवलं. पातं झिजून बोटभर उरलं होतं.

"सुतार आपलं अवजार कुणाला देत नसतो," तो म्हणाला. "तू मागितलं न्हाईस, म्हून दिलं."

बाकीची अवजारं हळूहळू आली. करवत उदगीरच्या बाजारातून. रंध्याचं पातं विकत आणलं, ठोकळा त्यानं स्वतः बाभळीचा कोरला. गुण्या पहिल्यांदा केला तो काटकोनात नव्हता. त्यावर जुळवलेलं एक देवघर आयुष्यभर तिरपं राहिलं, आणि त्या घरातल्या म्हातारीला ते तसंच आवडायचं. लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा मात्र नांदेडच्या जुन्या बाजारात मिळाला. तो बसवायला भक्कम फळी हवी होती. दुकानात नागप्पांच्या गादीपुढं तशी फळी होती. वीरण्णानं विचारून पाहिलं.

"ह्या फळीवर तुझ्या आज्यानं मीठ मापलंय," नागप्पा म्हणाले. "तिला भोकं पाडू नको."

शिकंजा लिंबाच्या ओंडक्यावर बसला.

दारं, पाळणे, पाट, बाजांचे पाय असं काय काय तो करत राहिला. गावात लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. नागप्पा त्याच्या कामाला खुटखुट म्हणत.

"बंद कर तुझी खुटखुट. गिऱ्हाइकाला भाव ऐकू येईना."

"गिऱ्हाईक कुठं हाय, अप्पा?"

"खुटखुट थांबली की येईल."

दहा वर्षं हा शब्द बदलला नाही. वीरण्णाची बायको महानंदा म्हणायची, एका शब्दाचं काय घेऊन बसलात. पण एखादा पाळणा पुरा झाला की वीरण्णा तो दुकानाच्या तोंडाशी आणून ठेवायचा आणि उगीच त्याच्याभोवती घोटाळायचा. नागप्पा पाळण्यावरून नजर फिरवून रस्त्याकडं पाहायचे.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागप्पांचं डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं. आतल्या खोलीत पडायला ते तयार नव्हते, म्हणून बाज दुकानातच टाकली. त्या बाजेवरून समोरची अवजारं आणि त्यांच्यातला वीरण्णा, एवढंच दिसायचं.

त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिलं, त्या रंगाला ओघळ आले. पाऊस मात्र आला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. पिकलं नाही की लग्नं नाहीत, आणि लग्नं नाहीत की पाळणे नाहीत. लातूरहून नरसिंग आला तेव्हा वीरण्णाच्या करवतीला गंज धरू लागला होता. नरसिंग एका फर्निचरच्या ठेकेदाराचा माणूस. तोंडात पान, खांद्यावर टॉवेल.

"मिस्त्री, जिल्हा म्हंजे काय असतो?" तो म्हणाला. "खुर्च्या. दुसरं काय न्हाई. कचेरीमागं कचेरी अन् खुर्चीमागं खुर्ची. एक नमुना करून दे. पसंत पडला तर घरबसल्या दोन वरसं हात रिकामा ऱ्हायचा न्हाई."

"अन् न्हाई पडला तर?"

"तर चल आमच्या शेठच्या कारखान्यात. तिथं करवत आपोआप फिरती. तू नुसतं लाकूड पुढं सरकव."

वीरण्णानं बाजेकडं पाहिलं. नागप्पांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत. त्याला गाव सोडता येणार नव्हतं. खुर्ची पसंत पडणं, एवढीच वाट होती.

ठेकेदाराच्या खर्चानं सागवान किनवटकडून आलं. एवढं सरळ, तेलकट लाकूड वीरण्णानं पूर्वी हाताळलं नव्हतं. नरसिंगनं बजावलं होतं, नमुना पसंत करणारा कचेरीतला साहेब उंचापुरा आहे, पाठीनं रुंद आहे, खुर्ची खुजी झाली तर काम गेलं. त्या साली गावात उंचापुरा आणि पाठीनं रुंद कोण उरला होता? आजारातही नागप्पांचा सांगाडा मोठाच होता. जन्मभर गादीवर ताठ बसलेली ती पाठ.

महानंदा त्यांना टेकवून बसवून भाकरीचा काला भरवत होती, तेव्हा वीरण्णानं दोरा घेतला. बुडापासून खांद्यापर्यंत लावला, गाठ मारली. खांद्यापासून खांद्यापर्यंत लावला, गाठ मारली.

"जित्या माणसाचं असं माप घेऊ ने, अवो," महानंदा हळूच म्हणाली.

"खुर्चीचं हाय."

"तरी बी."

नागप्पांच्या तोंडात घास होता. दोऱ्याच्या गाठीकडं पाहत ते चावत राहिले.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं करत नाहीत. भस्म लावून, पाठ ताठ ठेवून, लाकडी बैठकीत बसवतात. खालून दांडे बांधून ती खांद्यावर घेतात. तिला विमान म्हणतात. बसलेला माणूस गावातून जातो आणि मातीतही बसूनच जातो. वीरण्णाची आई मल्लम्मा गेली तेव्हा घाईनं बाजेच्या लाकडांचं विमान बांधलं होतं. वेशीच्या वळणावर ते कलंडलं. मल्लम्माची मान एका बाजूला पडली आणि कुणीतरी ती धोतराच्या पट्टीनं बांधली. नागप्पा त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

खुर्ची झाली. उंच पाठ, रुंद हात, सागाचा मधासारखा रंग. फाट्यापर्यंत गाडीवाट खडकाळ होती, बैलगाडीत घातली तर पॉलिश खरवडणार. म्हणून वीरण्णानं खुर्चीच्या हातांखालून दोन बांबू बांधले. दोघांनी उचलून फाट्यावर न्यायची, तिथं नरसिंगचा टेम्पो येणार होता. बांधून झाल्यावर तो मागं सरकून उभा राहिला.

"वीरू," बाजेवरून आवाज आला. "इकडं फिरव ती."

त्यानं फिरवली. नागप्पांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. बांबू पाहिले. मग उजवा हात लांब केला. वीरण्णानं खुर्ची जवळ नेली. त्यांनी पाठीच्या फळीवरून हात फिरवला, सांध्यापाशी बोट थांबवलं.

"काम चांगलं झालंय," नागप्पा म्हणाले.

महानंदा आतल्या दारात थबकली. वीरण्णा हसायच्या बेतात होता.

"पाठ ताठ ऱ्हाईल," ते म्हणाले. "तुझ्या अव्वाचं कलंडलं होतं. माप घेतलंस तवाच मी समजलो."

एक वाक्य पुरलं असतं. ते वीरण्णाच्या घशापर्यंत आलंही असेल. पण दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द नुकताच बाहेर पडला होता, आणि तो ज्या वस्तूवर पडला होता ती हलवली असती तर शब्दही हलला असता.

"हाव, अप्पा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नरसिंग दोन माणसं घेऊन आला. त्यांनी बांबू खांद्यावर घेतले.

"कुठं नेऊन राहिलेत?" नागप्पांनी विचारलं. "मी आजून हाय."

"आज्जा, ही लातूरला चालली. सायबाला."

"सायब मेला का?"

माणसं हसली. नरसिंगही हसला, मग त्यानं वीरण्णाचा चेहरा पाहिला.

"खाली ठेवा," वीरण्णा म्हणाला.

"म्हंजे?"

"न्हाई द्यायची."

"डोकं बिकं फिरलं का मिस्त्री? आज ही गेली न्हाई तर दुसऱ्याची जाईल. मग मला हाक मारू नको."

"लाकडाचं काय ते मी भागवतो. ठेवा खाली."

नरसिंग वाटेतच थुंकला आणि गेला. टेम्पोचा आवाज फाट्यावरून बराच वेळ येत राहिला. महानंदा चुलीपुढं बसून राहिली, चूल पेटवली नव्हती.

संध्याकाळी वीरण्णा बाजेच्या कडेला टेकला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याला वाटलं असावं.

"अप्पा, ती खुर्ची हाय. कचेरीची. तुमच्यासाठी केली नव्हती."

नागप्पा छताकडं पाहत होते. "आधी वाटलं माझी हाय. तो लातूरचा बोलला तवा उमगलं, न्हाई."

"मग?"

"मग तू थांबवलीस. पोटावर पाय देऊन थांबवलीस. आता माझीच झाली की."

"तसं न्हाई, अप्पा."

"तसंच हाय. तयार करून ठेवली, आता किती दिवस रिकामी ठेवायची?"

महानंदानं पेज आणली. त्यांनी दोन घोट घेतले आणि हात वर केला. "साकू." घरात अधूनमधून कानडी शब्द यायचे. साकू म्हणजे पुरे. तिनं पुन्हा चमचा पुढं केला. "साकू, बाई." वीरण्णानं चमचा घेतला, अजीजी केली, रागावला, मारायला धरावं तसं धरून तोंड उघडायला गेला. नागप्पा त्याच्याकडं मायेनं पाहत राहिले, आणि ओठ मिटलेलेच राहिले. खुर्ची समोर होती. तिच्यावर वीरण्णानं गोणपाट टाकलं, तेव्हा त्यांनी ते काढायला लावलं.

दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

विमान वेशीच्या वळणावरून गेलं आणि कलंडलं नाही. भस्माचे पट्टे, गळ्यात फुलं, पाठ अशी ताठ की जणू गिऱ्हाइकाची वाट पाहत गादीवर बसलेत. बाया दारात येऊन पाहत होत्या. लोक रडले, पण नजर पुन्हा पुन्हा सागवानाकडं जात होती. मातीच्या वेळी नागप्पांना खड्ड्यात उतरवलं, खुर्ची वर राहिली. ती घरी आणता येईना आणि कचेरीत तर देताच येईना. ती मठात ठेवली.

पुढं वीरण्णा लातूरला दिसायचा, असं गावातली माणसं सांगतात. कुणाच्या तरी कारखान्यात, मालकाच्या यंत्रावर, कानात कापूस घालून लाकूड पुढं सरकवत. त्याची अवजारं ढाळजेतच राहिली, महानंदा ती कुणाला हात लावू देत नसे. तो का गेला, ह्याबद्दल गावात दोन-तीन मतं आहेत. दुष्काळानं गेला म्हणतात, बाप गेल्यामुळं गेला म्हणतात. पण गेला तो नागप्पांच्या मागं घातलेल्या जेवणाच्या दिवशी.

विधी झाले होते, स्वामींची पूजा झाली होती, पंगत उठल्यावर समाजाची माणसं ढाळजेत सुपारी कातरत बसली होती. वीरण्णा तांब्या घेऊन पाणी देत होता. ईश्वरप्पा, मठाचं बघणारे, भिंतीला टेकले होते. त्यांच्या डोक्यावर करवत लटकत होती.

"वीरण्णा, खरं सांगतो," ईश्वरप्पा म्हणाले, "बापाला काय राजासारखं नेलंस. असं काम आख्ख्या तालुक्यात न्हाई."

"उदगीरच्या लोकांनी बी इचारलंय," दुसरा म्हणाला.

"तेच म्हणतोय. घर हाय, अवजारं हायेत, हात हाय. खुर्च्या-फिर्च्या सोड. हेच काम धर. माणसं काय, मरायची थांबत न्हाईत."

कोपऱ्यात मल्लिकार्जुनअप्पा होते. नागप्पांच्याच वयाचे, दात गेलेले, विनोदी. त्यांनी सुपारी गालात सारली.

"मग माझ्यापासून चालू कर की, मिस्त्री," ते म्हणाले. "घे माप. बसलोच हाय."

आणि त्यांनी पाठ ताठ केली. वाकलेला कणा जमेल तेवढा सरळ करून, हनुवटी उचलून, हात गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले. ढाळज हसली. शेजारचा म्हातारा सावरून बसला. त्याच्या शेजारचाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकेक पाठ भिंतीपासून सुटत गेली.

वीरण्णानं तांब्या ओंडक्यावर ठेवला. ताठ बसलेल्या माणसांकडं त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पायांत वहाणा सरकवल्या आणि त्यांच्यामधून बाहेर पडला.